डायलिसिसच्या पेशंटला अँटिबायोटिकनं पांढऱ्या पेशी कमी होतात का?

दुधनाकाठ (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. आम्ही सेलू तालुक्यातले. वडील ६८ वर्षांचे, साखर जुनी, त्यातूनच किडन्या गेल्या. डायलिसिस चालू आहे. डायलिसिससाठी हातातल्या शिरा जोडून केलेला फिस्टुला अजून तयार झाला नाही, म्हणून छातीशी परमकॅथ नावाची नळी टाकलेली. मागच्या महिन्यात मशीनवर असतानाच थंडी वाजून ताप भरला. नळीचं इन्फेक्शन म्हणाले आणि डायलिसिस संपता संपता इंजेक्शनातून अँटिबायोटिक सुरू केलं. ताप गेला, पण कोर्स लांबला. आता सीबीसीत (रक्तातल्या पेशींच्या मोजणीत) पांढऱ्या पेशी ३१०० आल्यात. तापाच्या वेळी ११,८०० होत्या.

घरात दोन तट पडलेत. थोरले मामा म्हणतात, "हेव्ही औषधानं अंगातली ताकदच जाळली, बंद करा." दाजी म्हणतात, पेशी कमी झाल्या म्हणजे अँटिबायोटिकची जास्तच गरज, डोस वाढवून मागा. आई दोघांनाही चहा देते आणि माझ्याकडं बघते.

म्हणून विचारतो. अँटिबायोटिकचा प्रतिकारशक्तीच्या पेशींवर थेट परिणाम होतो का? की किडनीच्या आजारानंच त्या कमी होतात? गुरुवारी डॉक्टरांची भेट आहे, पण तिथं पाच मिनिटं मिळतात. नेमकं काय विचारायचं तेवढं तरी कळू द्या.

येसर_आमटी (सोमवार, रात्री १०.०५)

असे मामा घरोघरी असतात. आमचे मामा पॅरासिटामॉललाही हेव्ही म्हणतात आणि गुडघ्यासाठी पेनकिलर मात्र शेंगदाण्यासारखी खातात. किडनीवाल्या घरात आधी ती पट्टी जप्त करा.

बाकी जाणकारांच्या प्रतीक्षेत. काळजी घ्या.

मांजरापट्टा (सोमवार, रात्री १०.३२)

मी लातूरला लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही. रिपोर्ट कसा वाचायचा तेवढं सांगतो.

३१०० हा एकूण आकडा झाला. त्याच्या खाली डिफरन्शियल, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या प्रकारांची वाटणी असते, त्यात न्यूट्रोफिल या जंतू मारणाऱ्या पेशींची टक्केवारी बघा. समजा ६० टक्के आहे, तर ३१०० चे ६० टक्के म्हणजे १८६०. तेवढ्यावर कोणी घाबरत नाही. ३० टक्के असेल तर ९३० होतात आणि मग गोष्ट वेगळी. १५०० च्या खाली गेलं की कमी धरतात, ५०० च्या खाली गेलं की पेशंटला दाखल करून घेतात. घरची मंडळी एकूण आकड्यावर भांडतात आणि खरा आकडा खालच्या ओळीत पडून असतो.

दुसरं, असा रिपोर्ट मशीननं दिला तरी काच बनवून बघायला सांगा. थेंब ओढायचा, रंगवायचा, तेलाचा थेंब टाकून शंभराच्या लेन्सखाली धरायचा. इन्फेक्शन जोरात असेल तर न्यूट्रोफिलमध्ये जाड काळपट जांभळे दाणे दिसतात, कधी पोटात रिकामे फुगे दिसतात, अर्धवट वाढलेल्या पेशी बाहेर आलेल्या असतात. त्यातलं काहीच नाही आणि पेशी मात्र कमी, तर चित्र निराळं.

तिसरं आणि महत्त्वाचं. तापाच्या दिवशी ब्लड कल्चर (रक्तात कोणता जंतू आहे ती तपासणी) पाठवलं होतं का? पाठवलं असेल तर त्याचा अंतिम रिपोर्ट कुठाय?

निसर्गोपासक (सोमवार, रात्री ११.१०)

अँटिबायोटिक म्हणजे जीवनाच्या विरुद्ध. शरीराची स्वतःची शक्ती वाढवा. गुळवेलीचा काढा सकाळी उपाशीपोटी द्या. आमच्या शेजाऱ्यांचं क्रिएटिनिन (किडनी किती बिघडली ते सांगणारा रक्तातला आकडा) सातवरून चारवर आलं.

सरळसोट (सोमवार, रात्री ११.१४)

शेजारी डायलिसिसवर होते का हो? मशीनवरून उतरल्यावर रक्त दिलं की कुणाचंही क्रिएटिनिन सातवरून खाली येतंय.

निसर्गोपासक (सोमवार, रात्री ११.२०)

तुमच्यासारख्यांशी वाद घालत नाही. 🙏

जोगाईचा_वैद्य (मंगळवार, सकाळी ६.५०)

अंबाजोगाईला फिजिशियन आहे. नावात वैद्य असलं तरी प्रॅक्टिस अ‍ॅलोपॅथीची, गैरसमज नको. धागाकर्त्याचा प्रश्न चांगला आहे. मामा आणि दाजी दोघांनीही त्याचा एकेक तुकडा धरलाय.

आधी किडनीकडून सुरुवात करू. किडनी काम करेनाशी झाली की रक्तात साठणारे पदार्थ पांढऱ्या पेशींनाही सोडत नाहीत. न्यूट्रोफिलचं काम जंतूकडे धावायचं, त्याला गिळायचं आणि आतल्या आत मारायचं. किडनीच्या पेशंटमध्ये या तिन्ही पायऱ्या मंदावतात. आकडा साडेसात हजार दिसेल, पण चौकीत हवालदार भरपूर आणि लाठी एकाच्याही हातात नाही, अशी गत. प्रतिकारशक्तीच्या टी पेशी थकतात, अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी कमी होतात. म्हणूनच हिपॅटायटिस बीची लस या लोकांना दुप्पट डोसनं देतात, २० ऐवजी ४० मायक्रोग्रॅम, आणि ठरलेल्या पद्धतीनं ०, १, २ आणि ६ महिने अशी चार वेळा. तरीही काहींच्या अंगात अँटिबॉडी तयारच होत नाहीत. टीबीची मॉन्टू टेस्ट याच कारणानं फसते. आत टीबी असतो, हातावर गाठ उठत नाही. डायलिसिसच्या पेशंटला बारीक ताप, वजन घटणं, मानेत गाठ असं काही असेल तर "मॉन्टू निगेटिव्ह आली" म्हणून निर्धास्त राहायचं नाही.

आणखी एक फसवी गोष्ट. यांचं मूळ तापमानच इतरांपेक्षा थोडं कमी असतं. ९९.५ ताप तुम्हाला कणकण वाटेल, परमकॅथ असलेल्या माणसाला तेवढाही गंभीर असू शकतो. डायलिसिसच्या पेशंटमध्ये हृदयविकाराखालोखाल मृत्यू होतात ते इन्फेक्शननं. म्हणून अँटिबायोटिक बंद करा म्हणणाऱ्या मामांना माझा नमस्कार सांगा आणि त्यांचं ऐकू नका.

आता औषधाकडं. हो, काही अँटिबायोटिक पांढऱ्या पेशी खाली आणतात. पेनिसिलीन आणि सेफॅलोस्पोरिनच्या घराण्यातली औषधं जास्त डोसमध्ये दोन आठवड्यांपुढं चालली की काही जणांत न्यूट्रोफिल पडतात. व्हँकोमायसिन लांबलं तर त्यानंही तेच होतं. कोट्रायमॉक्सॅझोल अस्थिमज्जेवर दाब आणतं आणि शिवाय पोटॅशियम वाढवतं, किडनीवाल्याला ते दुहेरी महागात पडतं. लिनेझोलिड प्लेटलेट पाडतं, किडनी खराब असेल तर जास्तच. क्लोरॅम्फेनिकॉल तर मज्जा पूर्ण बंद पाडू शकतं, म्हणून ते आता बहुतेक डोळ्याच्या थेंबांपुरतं उरलंय. औषध वेळेत थांबवलं किंवा बदललं तर बहुतेक वेळा पेशी काही दिवसांत वर येतात. क्लोरॅम्फेनिकॉलचा तो दुर्मीळ प्रकार सोडून.

यात किडनीचा वाटा असा की यातली कित्येक औषधं लघवीवाटे बाहेर जातात. वाट बंद असेल तर नेहमीचा डोसच अंगात साठून दुप्पट-तिप्पट होतो. व्हँकोमायसिन डायलिसिसच्या पेशंटला रोज लागत नाही ते त्यामुळंच. डायलिसिसच्या शेवटी किंवा नंतर देतात आणि रक्तातली पातळी बघून पुढचा डोस ठरवतात. तेव्हा दाजींनाही नमस्कार. डोस "वाढवून मागा" हे वाक्य दवाखान्यात उच्चारू नका.

गुरुवारी विचारायचं ते एवढंच: औषध कोणतं, कल्चरमध्ये काय आलं, न्यूट्रोफिल किती, आणि हेच औषध पुढं चालवायचं की बदलायचं. मनानं एकही डोस चुकवू नका.

बालाघाटी (मंगळवार, सकाळी ९.१५)

डॉक्टर, साष्टांग. वाचनखूण साठवली.

अवांतरराव (मंगळवार, सकाळी ९.४८)

पण मी वाचलंय की अझिथ्रोमायसिन पेशींना शांत करतं, जंतू मारण्याशिवाय त्याचा तोही गुण आहे. मग किडनीवाल्याला ते चांगलं की वाईट? कोरोनात तर पानपट्टीवरसुद्धा अझी मिळत होतं.

जोगाईचा_वैद्य (मंगळवार, दुपारी २.३०)

बरोबर वाचलंय. जपानमध्ये १९८०च्या दशकात श्वासनलिकांच्या एका चिवट आजारात, डिफ्यूज पॅनब्रॉन्किओलायटिस त्याचं नाव, अझीच्याच घराण्यातलं एरिथ्रोमायसिन बारीक डोसनं महिनोन्‌महिने दिलं आणि पेशंट सुधारले. जंतू मारायला तेवढा डोस पुरत नव्हता. फायदा व्हायचा तो न्यूट्रोफिलची गर्दी आणि सूज वाढवणारे निरोप कमी झाल्यानं. टेट्रासायक्लिन आणि सिप्रोच्या घराण्यातही असे गुण प्रयोगशाळेत दिसलेत.

पण बशीतल्या पेशीवर दिसलं ते माणसात दिसेलच असं नाही. अझीचं कोरोनात नेमकं तेच झालं. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत हजारो दाखल रुग्णांना देऊन बघितलं, फायदा शून्य. आणि डायलिसिसच्या पेशंटची अडचण वेगळी आहे. त्याच्या पेशी आधीच मंद. पोटॅशियम वरखाली होत असताना अझी हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकतं, ती काळजी मला पेशी शांत होण्यापेक्षा जास्त वाटते. छातीच्या इन्फेक्शनला लागलं तर मीही देतो. प्रतिकारशक्तीसाठी म्हणून देत नाही.

गोळीवाला (मंगळवार, दुपारी ३.०५)

गंगाखेडकडं माझं मेडिकल आहे. पानपट्टीचं म्हणालात, आमच्या काउंटरवरची गंमत ऐका. "मागच्या वेळची ती लाल-काळी कॅप्सूल द्या, दोनच द्या, घसा आलाय." चिठ्ठी? "चिठ्ठी कामून, आम्ही नेहमीचे गिऱ्हाईक." १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन ही चिठ्ठीवरच विकायच्या औषधांची यादी लागू आहे. त्यातली औषधं विकली की रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि नग लिहायचे, वही तीन वर्षं जपायची. पट्टीवर उभी लाल रेघ असते ती बघा, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही असा तिचा अर्थ. मी नाही म्हणालो की माणूस समोरच्या दुकानात जातो आणि तिथून हात हलवून दाखवतो.

किडनीवाल्यांसाठी कामाची एक गोष्ट. फॉस्फरस कमी करायला जी कॅल्शियमची गोळी जेवणाबरोबर घेतात ना, तिच्यासोबत सिप्रो किंवा लेव्हो ही अँटिबायोटिकं कधी घेऊ नका. पोटातच एकमेकांना धरून बसतात, औषध रक्तात जातच नाही. लोहाच्या गोळीचंही तेच. मध्ये काही तास अंतर लागतं, किती ते चिठ्ठीवर लिहून घ्या.

काळी_माती (मंगळवार, सायंकाळी ६.२०)

आमच्या घरचा अनुभव टाकतो. दवाखान्याचं नाव विचारू नका.

आमच्या बापूंना क्रॉनिक किडनी, डायलिसिस लागायचं होतं. लघवीचं इन्फेक्शन म्हणून दाखल केलं, सेफेपिम नावाचं अँटिबायोटिक चालू झालं. तिसऱ्या दिवशी बापू विचित्र बोलाय लागले. गेलेल्या बैलाला हाका मारायचे, छताकडं बोट दाखवून "पाणी आलं, पाणी आलं" म्हणायचे. हात फडफडायचे. सगळे म्हणाले वय झालं, डोक्यावर परिणाम झाला. माझी धाकटी बहीण नर्सिंग करते, ती आली आणि फाईल उघडून विचारलं, "जीएफआर किती धरून डोस काढला?" जीएफआर म्हणजे किडनी किती गाळते तो आकडा. उत्तर कुणाकडं नव्हतं. धडधाकट माणसाचा डोस चालू होता. औषध थांबवून डायलिसिस केलं. दोन दिवसांत बापूंनी भाकरी मागितली आणि भाजीत मीठ नाही म्हणून आईवर ओरडले, तेव्हा कळलं माणूस जागेवर आला.

म्हणून माझं म्हणणं, पेशींचं राहू द्या. डोस किडनी बघून ठरवलाय का, हे पहिलं विचारा.

मांजरापट्टा (मंगळवार, सायंकाळी ६.४०)

+१. चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात क्रिएटिनिन आणि "डायलिसिस पेशंट" असं लाल पेनानं लिहून ठेवायची सवय लावा. दाताच्या डॉक्टरकडं गेलात तरी.

नवी_किडनी (मंगळवार, रात्री ८.५५)

मी ट्रान्सप्लांटवाला. आईची किडनी आहे. त्यामुळं या धाग्यावर माझा थोडा हक्क.

आमच्यात गंमत उलटी. नव्या किडनीवर हल्ला होऊ नये म्हणून आम्ही मुद्दाम गोळ्या खाऊन पेशी दाबून ठेवतो. आणि वर जोगाईचा_वैद्य ज्याला दुहेरी महाग म्हणाले, ते कोट्रायमॉक्सॅझोल ऑपरेशननंतर कित्येक महिने मला रोज होतं, एकच बारीक गोळी. फुफ्फुसाचा न्यूमोसिस्टिस नावाचा एक आजार दाबलेल्या पेशींचा फायदा घेतो, त्याला रोखायला. तेव्हा "अँटिबायोटिक प्रतिकारशक्ती मारतं" हे सरसकट वाक्य माझ्यासमोर टिकत नाही. माझी प्रतिकारशक्ती मी स्वतः मारतो आणि अँटिबायोटिक तिच्या जागी पहारा करतं.

मात्र दुसरी बाजूही आहे. एकदा खोकल्यासाठी गावातल्या डॉक्टरनं क्लॅरिथ्रोमायसिन लिहिलं. घ्यायच्या आधी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन, "घेऊ नका, टॅक्रोलिमस दुप्पट होईल." टॅक्रोलिमस म्हणजे पेशी दाबायची आमची गोळी. क्लॅरिथ्रोमायसिननं तिची रक्तातली पातळी चढते, नव्या किडनीलाच त्याचा त्रास. टीबीच्या रिफॅम्पिसिननं उलट होतं, पातळी इतकी उतरते की पेशी मोकाट सुटून किडनीवर तुटून पडू शकतात. म्हणजे काही अँटिबायोटिक पेशीला हातही न लावता तिचा लगाम सोडतात किंवा आवळतात.

आणि निसर्गोपासक काका, ट्रान्सप्लांटवाल्याला प्रतिकारशक्ती "वाढवायचा" काढा देऊ नका हो. माझी वाढली तर आईची किडनी जाईल.

निसर्गोपासक (मंगळवार, रात्री ९.१०)

तुमची केस वेगळी. सगळ्यांना एका तराजूत तोलू नका.

सरळसोट (मंगळवार, रात्री ९.१२)

तेच तर! तुम्ही काल सगळ्यांना एकाच काढ्यात उकळत होतात. 😄

संपादक

वैयक्तिक शेरेबाजी नको. विषयावर बोला.

देवणीचा_वळू (बुधवार, सकाळी ७.३०)

विषयाला सोडून, पण फार लांब नाही. मी उदगीरचा, जनावरांचा डॉक्टर. अँटिबायोटिकचा एवढा खल चाललाय म्हणून बोललालाव. गायीच्या कासेला सूज आली की सडात औषधाची नळी भरतात. त्यानंतर ठरावीक दिवस दूध डेअरीला घालायचं नसतं. कोण पाळतं? दूध जातं, चहात पडतं. कोंबड्यांच्या खाद्यात कोलिस्टिन घालायचे, माणसात शेवटचा उपाय म्हणून राखलेलं औषध आणि किडनीला जबर. २०१९ मध्ये सरकारनं जनावरांसाठी त्यावर बंदी घातली, ते बरं झालं. गावातला जंतू आधीच औषधाला सरावलेला असला तर डायलिसिसच्या माणसाला साध्या औषधानं भागत नाही, मग जड औषध, मग किडनी-मज्जा-पेशी सगळ्यावर ताण.

देवणी गाय बघायला या कधी. लाल कंधारीही आहे.

येसर_आमटी (बुधवार, सकाळी ८.०२)

दूध कोणाचं घेता ते आधी सांगा, मग येतो.

माजलगावकर (बुधवार, सकाळी १०.२५)

कुणीच आतड्याचं बोललं नाही. अँटिबायोटिकनं पोटातले चांगले जंतूही जातात. ते जंतू तंतूमय अन्न आंबवून जी आम्लं बनवतात, त्यांवर प्रतिकारशक्तीतल्या आवर घालणाऱ्या पेशी पोसल्या जातात. किडनीवाल्यांच्या पोटातली वस्ती आधीच बदललेली असते आणि प्रोटीन सडवणारे जंतू जास्त. त्यांनी बनवलेल्या पदार्थांपासून इंडॉक्सिल सल्फेट, पी-क्रेसिल सल्फेट अशी विषं होतात, आणि ती डायलिसिसनंही नीट निघत नाहीत. त्यावर कोर्सनंतर कोर्स. म्हणून ताक भरपूर द्यावं असं माझं मत.

काळी_माती (बुधवार, सकाळी १०.४०)

भरपूर ताक? डायलिसिसच्या माणसाला दिवसाला पाणी मोजून देतात, भाऊ. आमच्या बापूंना गिलासावर खूण करून दिली होती.

माजलगावकर (बुधवार, सकाळी १०.५१)

मान्य, भरपूर नको. वाटीभर, आणि तेही त्या दिवसाच्या पाण्यात धरून.

बालाघाटी (बुधवार, सकाळी ११.३०)

खाण्याचा विषय निघालाच आहे तर, आमच्याकडं सीताफळ सुरू झालंय आणि आबांना देता येत नाही. पोटॅशियम. डोळ्यासमोर टोपली असते आणि माणूस नुसता वास घेतो. भाज्यासुद्धा चिरून, उकळून, पाणी फेकून. आमची आजी म्हणते, मग राहिलं काय त्या भाजीत?

जोगाईचा_वैद्य (बुधवार, दुपारी ३.१५)

माजलगावकर, मुद्दा महत्त्वाचा आणणारा तुम्ही पहिलेच. आतड्याच्या वस्तीचा पेशींवर परिणाम होतो हे प्राण्यांत चांगलं दिसलंय. माणसात "हे प्रोबायोटिक दिलं की डायलिसिसच्या पेशंटची इन्फेक्शनं कमी होतात" इथवर मी जाणार नाही. मात्र लांबलेल्या कोर्सनंतर पाणीदार जुलाब लागले तर जुलाब बांधायची गोळी परस्पर देऊ नका. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या आतड्यातल्या जंतूची तपासणी लागू शकते.

एक राहिलं. अँटिबायोटिकमुळं पेशी कमी होतात एवढंच नाही, कधी त्या नको तिथं खवळतात. पेनिसिलीनसारख्या औषधाची अ‍ॅलर्जी होऊन टी पेशी आणि इओसिनोफिल (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) किडनीच्या गाभ्यात घुसतात, त्याला इंटरस्टिशियल नेफ्रायटिस म्हणतात. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या आणि पेनकिलरनंही होतो. ज्यांच्या किडन्या अर्ध्या चालू आहेत, डायलिसिस अजून लागलं नाही, त्यांनी हे जास्त लक्षात ठेवावं. अँटिबायोटिक सुरू असताना अंगावर पुरळ, पुन्हा ताप आणि क्रिएटिनिनची अचानक उडी, असं दिसलं की त्याच दिवशी फोन करा. पुरळ नसलं तरी हे होऊ शकतं.

औंढेकर (बुधवार, सायंकाळी ५.४०)

माझ्या काकूला कोट्रायमॉक्सॅझोलनंतर क्रिएटिनिन २.१ वरून २.६ झालं. तोच प्रकार म्हणायचा का?

जोगाईचा_वैद्य (बुधवार, रात्री ९.२०)

न तपासता सांगता येणार नाही. त्यातलं ट्रायमेथोप्रिम किडनीला इजा न करताही क्रिएटिनिनची बाहेर जायची एक वाट अडवतं, आकडा थोडा चढतो आणि औषध थांबलं की उतरतो. पण पोटॅशियम बघितलं का? ते आधी बघा. उद्याच.

दुधनाकाठ (शुक्रवार, रात्री १०.१५)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल भेट झाली.

मांजरापट्टांच्या सांगण्यावरून बुधवारी रात्री फाईल काढली. न्यूट्रोफिल ३८ टक्के, म्हणजे ३१०० च्या हिशेबानं ११७८. चालू औषध व्हँकोमायसिन. तापाच्या दिवशी मशीन लावताना टेक्निशियननं नळीतून एक आणि हातातून एक अशा बाटल्या भरल्या होत्या ते मला आठवत होतं, पण आमच्या फाईलमध्ये कल्चरचा कागद नव्हता. गुरुवारी सकाळी लवकर जाऊन विचारलं तर काउंटरच्या ट्रेमध्ये, दुसऱ्या पेशंटच्या बिलाखाली निघाला. स्टॅफ ऑरियस नावाचा जंतू, तोही साधा, मेथिसिलिनच्या घराण्यातल्या औषधांना दबणारा. कुणी बघितलाच नव्हता. मी आवाज चढवला नाही, म्हणजे बाबांसमोर चढवला नाही एवढंच.

डॉक्टरांसमोर कागद ठेवले आणि इथं शिकलेले प्रश्न क्रमानं विचारले. त्यांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी धरून बघितले. पेशी खाली जायला व्हँकोमायसिन हे सगळ्यात संभाव्य कारण आहे म्हणाले. शिवाय हा जंतू सेफॅझोलिनला जास्त चांगला दबतो, तेव्हा व्हँकोमायसिन चालू ठेवायचं कारणच उरलं नाही. सेफॅझोलिन डायलिसिसनंतर देणार. हृदयाच्या झडपेवर जंतू बसलेत का ते बघायला इको (हृदयाची सोनोग्राफी) सांगितला. नळी बदलायची. सोमवारी पुन्हा सीबीसी. हिपॅटायटिस बीच्या लसीचंही विचारलं, तिचा चौथा डोस राहिलाय असं निघालं. ही माहिती सर्वस्वी या धाग्यामुळं.

मामांना सांगितलं की औषध बंद नाही, बदललं. ते म्हणाले, "बघ, मी म्हणतच होतो." दाजीही तेच म्हणाले.

येसर_आमटी (शुक्रवार, रात्री १०.२२)

😂😂 आईला चहाचे पैसे द्या आता.

मांजरापट्टा (शुक्रवार, रात्री १०.५०)

छान काम केलंत. सोमवारचं रक्त मशीन लावायच्या आधी द्या आणि त्याच लॅबला द्या. जुन्या सेल्युलोजच्या डायलायझरवर (मशीनच्या गाळणीवर) सुरुवातीच्या अर्ध्या तासात पांढऱ्या पेशी फुफ्फुसात अडकून आकडा धाडकन पडायचा. नव्या पडद्यांवर तसं फारसं होत नाही, पण दोन रिपोर्टची तुलना करायची तर वेळ एकच हवी.

दुधनाकाठ (मंगळवार, दुपारी १.०५)

अपडेट: पेशी ४६००, न्यूट्रोफिल ५४ टक्के. ताप नाही. इकोमध्ये झडप स्वच्छ. नळी उद्या बदलतील.

मांजरापट्टा (मंगळवार, दुपारी १.३०)

म्हणजे २४८४. छान.

निसर्गोपासक (मंगळवार, दुपारी २.००)

आनंद झाला. वडिलांना आराम पडो. काढ्याचं नंतर बघू.

लाडसावंगी_लाईव्ह (मंगळवार, सायंकाळी ७.४५)

धागा पूर्ण वाचला नाही, पण माझ्या सासऱ्यांना मुतखडा आहे आणि डॉक्टरनी लेव्होफ्लॉक्सासिन दिलंय, बिअरबरोबर चालतं का?

सरळसोट (मंगळवार, सायंकाळी ७.४७)

सासरे विचारतायत की तुम्ही?

संपादक

मुतखड्यासाठी वेगळा धागा काढावा.